दुसऱ्याच्या गाडीचा पिस्टन

धक्का तसा लहानच होता. मागचं चाक एकाएकी थांबलं, टायरने डांबरावर हातभर काळी रेघ ओढली आणि आर्सेसियोच्या डाव्या हाताने, त्याला न विचारताच, क्लच दाबला. एवढंच झालं. तो पडला नाही, त्याला खरचटलं नाही, समोरून ट्रकही येत नव्हता. चाक पुन्हा मोकळं झालं आणि गाडी बंद इंजिनानिशी वळणावरून खाली घरंगळत राहिली. पण क्लच दाबल्यापासून पुढच्या केळीच्या बागेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढ्यात त्या एकोणसाठ वर्षांच्या मिस्त्रीला सगळं कळून चुकलं होतं. पिस्टन सिलेंडरमध्ये पकडला होता, घासून जागीच अडकला होता. कुठल्या बाजूने पकडला, का पकडला आणि चूक कुणाची, हेही त्याला ठाऊक झालं होतं. गाडी त्याची नव्हती. चिखलामातीत पळवायची ती टू-स्ट्रोक मोटरसायकल युरानी नावाच्या पोरीची होती, ब्रेकच्या कामासाठी आलेली, आणि ती घेऊन तो फक्त आपल्या रस्त्याच्या टोकाच्या चौकापर्यंत जाऊन येणार होता, ब्रेक नीट बसलेत की नाही ते बघायला. तो चौक आता चाळीसेक किलोमीटर मागे आणि चांगला तेराशे मीटर वर राहिला होता.

ही सोमवारची गोष्ट. आज गुरुवार होता, सकाळचे नऊ वाजून गेले होते, डोंगरावरच्या मानिसालेस शहरावर नेहमीसारखं धुकं बसलं होतं, आणि आर्सेसियो गॅरेजच्या मागच्या खिडकीपाशी स्टुलावर बसून दोन पिस्टनांकडे बघत होता. दोन्ही एकाच जातीचे, दोन्ही वाया गेलेले. डावीकडचा युरानीच्या गाडीतून निघालेला. ज्या बाजूने पेट्रोल आत येतं त्या बाजूला त्याच्या अंगावर रुंद, कोरडे, मळकट ओरखडे होते. कुणी खरखरीत दगडाने घासावं तसे. उजवीकडचा त्याने भंगाराच्या डब्यातून शोधून काढला होता. त्याच्या अंगावर चार उभे पट्टे होते, चार कोपऱ्यांना चार, स्वच्छ आणि सरळ. चार पट्टे म्हणजे थंड इंजिन गरम न करता कुणीतरी दामटलं. आणि सकाळी इंजिन गरम करायचं काम मालकाचं असतं, मिस्त्रीचं नव्हे. दहा वाजता युरानी येणार होती.

अख्ख्या शहरात पिस्टन वाचणारा माणूस एकच, अशी त्याची ख्याती होती, आणि ती त्याने स्वतःच मेहनतीने वाढवली होती. लोक ढकलत ढकलत गाडी आणायचे आणि सांगायचे, "आपोआप बंद पडली हो मिस्त्री. मी काहीच केलं नाही." हा काही बोलायचा नाही. इंजिन उघडायचा, पिस्टन काढायचा, चिंधीने पुसायचा, या खिडकीच्या उजेडात धरून सावकाश फिरवायचा, आणि मग चष्म्यावरून बघत निकाल द्यायचा. एका पाववाल्याला त्याने असंच तोंडावर सांगितलं होतं, "बिनतेलाचं पेट्रोल भरलंत. आणि तेही मेव्हण्याकडून उसनं घेतलेलं." पाववाल्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. मेव्हण्याचं त्याने आपलं ठोकून दिलं होतं. पण ते खरं निघालं आणि तेव्हापासून लोक त्याला जास्तच वचकून राहू लागले. लोक खोटं का बोलतात याचा त्याने कधी फारसा विचार केला नव्हता. मूर्ख असतात म्हणून बोलतात, असं त्याचं साधं मत होतं, आणि चाळीस वर्षांत ते मत बदलायची वेळ आली नव्हती.

आता तो स्वतःला विचारत होता की चौकातून तो वळला का नाही. ब्रेक चांगले लागत होते. चौकाला वळसा घालून पाच मिनिटांत परत येता आलं असतं. पण चौकापाशी रस्ता दोन घरांच्या मधून खाली उघडतो, आणि त्या फटीतून त्याला खालची दरी दिसली. वर सगळं करडं, ओलं, माणसं स्वेटर घालून भिंतीच्या कडेकडेने चाललेली. आणि खाली, दूर, ऊन. पिवळंधमक, दुपार झाल्यासारखं. तो कामाच्या तेलकट एप्रनवर होता. डोक्यावर खुंटीवरचं कुणाचं तरी विसरलेलं हेल्मेट होतं, एक माप मोठं, दर खड्ड्याला नाकावर येणारं. पुढच्या वळणापर्यंत जाऊ, तिथे वळायला जागा आहे, असं तो स्वतःशीच म्हणाला. त्या वळणावर दुधाचा ट्रक उभा होता. मग त्याच्या पुढच्या. तिसऱ्या वळणानंतर त्याने कारणं शोधणं सोडून दिलं. हवा ऊबदार व्हायला लागली होती. आधी कॉफीच्या बागा आल्या, मग संत्री, मग ऊस, आणि एका ठिकाणी कुणीतरी गुळाची काहील चढवली होती, तिचा वास रस्त्यावर आडवा पसरला होता. त्या वासातून गाडी जाताना तो मोठ्याने हसला. हेल्मेटात त्याला आपलं हसणं फार जवळून ऐकू आलं आणि हा कोण हसतोय, असं क्षणभर वाटून गेलं.

गाडीही तशीच होती. फार गोड चालत होती. दुसऱ्याने हौसेने सांभाळलेल्या गाडीवर बसलं की कळतं, आपण जन्मभर फक्त बिघडलेल्या गाड्यांवर बसत आलो. आर्सेसियोच्या मांडीखालून आजवर हजारेक गाड्या गेल्या असतील, पण सगळ्या आजारी. बऱ्या झाल्या की त्या निघून जायच्या. त्या सोमवारी पहिल्यांदा तो एका धडधाकट गाडीवर कुठेही न थांबता बसून होता, आणि ती उताराला लागली तेव्हा त्याच्या उजव्या हाताने अ‍ॅक्सिलरेटरची मूठ बंद केली. पूर्ण बंद. गियरात गाडी, मूठ बंद, इंजिन चाकाला धरून ठेवतंय, पोटातून येणारा तो खोल, दाबलेला घुमारा, आणि त्यावर वारा. हे त्याच्या हाताला चाळीस वर्षांच्या मिस्त्रीकामाने शिकवलेलं नव्हतं. हे त्याच्या बापाचं होतं. रोसेंदो याच उतारांवर जीप चालवायचा. मागे कॉफीची पोती, पोत्यांवर माणसं, माणसांच्या मांडीवर कोंबड्या. उताराला लागताच तो पाय वर घ्यायचा आणि शेजारी बसलेल्या पोराला म्हणायचा, "बघ, आता मी काहीच करत नाही. गाडी स्वतःच स्वतःला धरते." आणि जीप घुमत घुमत खाली जायची, सगळे गप्प व्हायचे, पोत्यांवरच्या बायकासुद्धा. आर्सेसियोला ती शांतता आठवत होती असं नव्हतं. ती त्याच्या मनगटात होती. जीपला ते चालायचं. जीपचं तेल तिच्या पोटात असतं. टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलमधून जातं. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद, आणि चाक मात्र इंजिनाला फिरवतच राहतं, कोरडं. अधूनमधून मूठ जरा पिळून त्याला घोट द्यायचा असतो. हे वाक्य तो आठवड्यातून चारदा लोकांना सुनवायचा. डोंगरातली माणसं जीपवर शिकतात आणि टू-स्ट्रोकवर मार खातात, असंही वर जोडायचा. त्या उतारावर त्याला यातलं एक अक्षर आठवलं नाही. नऊ किलोमीटर त्याने मूठ उघडली नाही. नऊ किलोमीटर तो सुखात होता.

आणि इथेच खरी लाज होती. इंजिन गेल्यावरही ते सुख गेलं नाही. गियर काढून तो तसाच घरंगळत थेट काउका नदीपर्यंत उतरला, फुकटात, वाऱ्यावर. नदीकाठच्या टपरीत त्याने तळलेला मासा मागवला, चपटी तळलेली केळी मागवली, मग आणखी एक मासा मागवला. टपरीवाल्या बाईने गाडीकडे पाहिलं, एप्रनकडे पाहिलं आणि म्हणाली, "बंद पडली होय? पण गाडी बिघडलेला माणूस एवढं खात नाही." तो तोंडात काटा धरून हसला. दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन मारून हा माणूस उन्हात पाय पसरून बसला होता आणि बोटं चाटत होता. संध्याकाळच्या आत संत्र्यांच्या ट्रकमध्ये गाडी टाकून तो वर आला. धुकं लागलं, अंगावर काटा आला, आणि तेव्हा कुठे त्याला भीती वाटायला लागली.

खोटं मात्र त्याने ठरवून सुरू केलं नव्हतं. मंगळवारी सिलेंडर घेऊन तो समोरच्या लेथवाल्या लिबार्दोकडे गेला, बोअर करून, म्हणजे आतून कोरून गुळगुळीत करून घ्यायला. लिबार्दोने आत बोट फिरवलं, जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि म्हणाला, "उतारावर कुणाला तरी झोप लागली होती." आर्सेसियो म्हणाला, "आजकालची पोरं." बस. दोनच शब्द, आणि इतके सहज आले की आपण बोललो हे त्याला रस्ता ओलांडून परत आल्यावर कळलं. त्यानंतर युरानीला फोन करताना ब्रेक बघायला गेलो आणि चौकात इंजिन पकडलं, हे सांगणं तर अगदीच सोपं होतं. बोअर झाल्यावर सिलेंडरवरच्या खुणा गेल्या. राहिला पिस्टन; आणि तो ती मागणार होती, कारण वाचायला तिला त्यानेच शिकवलं होतं. डब्यात हात घालताना त्याला आजवर त्या खिडकीशी उभे राहिलेले सगळे चेहरे आठवले, पाववाल्याचासुद्धा. त्या बिचाऱ्यांनाही असंच झालं असेल का? आपोआप बंद पडली, असं ते म्हणायचे. कुठून येताना बंद पडली, हे त्याने एकालाही विचारलं नव्हतं.

दहाला दहा मिनिटं असताना बाहेर रबरी बूट वाजले. आर्सेसियोने डावीकडचा पिस्टन चिंधीसकट एप्रनच्या खिशात कोंबला.

"काय मिस्त्री, जगलं का माझं लेकरू?" युरानी आत येत म्हणाली. चोवीस वर्षांची, ठेंगणी, दणकट पोरगी. आठवडाभर डोंगरावरच्या दवाखान्यांना याच गाडीवरून लसींचे डबे पोचवायची आणि रविवारी चिखलात सराव करायची. या रविवारी तिची पहिली शर्यत होती. एकोणिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा इथे आली होती, गाडी ढकलत, रडून डोळे सुजलेले, आणि दारातूनच म्हणाली होती, "पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरले. माझीच चूक." इंजिन उघडायच्या आत खरं बोललेलं चाळीस वर्षांतलं ते एकमेव गिऱ्हाईक होतं. त्या दिवसापासून ती त्याची लाडकी झाली, आणि ते तिला ठाऊक होतं.

"सिलेंडर झालाय," तो म्हणाला. "नवा पिस्टन आलाय. दांड्याचं बेअरिंग शाबूत आहे, नशीब तुझं. दोन तासांचं काम."

"जुना कुठाय?"

त्याने टेबलाकडे हनुवटी केली. तिने पिस्टन उचलला, खिडकीशी नेला आणि फिरवला. अगदी त्याच्यासारखाच, अंगठा आणि मधल्या बोटात धरून, सावकाश. चार पट्टे एकामागून एक उजेडात आले. आर्सेसियो पान्हे पुसत बसला. पुसलेलेच पुसत होता.

"चार," ती म्हणाली.

"हं."

"थंडीत दामटली." बाहेर कुणीतरी उसाच्या रसाची गाडी ढकलत नेत होतं. "शनिवारी," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी डबे यायला उशीर झाला होता. किक मारली आणि तशीच चढावर घातली मिस्त्री. मिनिटभरसुद्धा उभी नाही केली. मला वाटलं, एकदा केलं तर काय होतंय."

आर्सेसियोचा हात पान्ह्यावरच राहिला. म्हणजे तिने खरंच तसं केलं होतं. खोटा पिस्टन खरा ठरला होता. त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते फार हलकं होतं: सुटलो. आणि त्याच्या पाठोपाठ तिचा आवाज आला, "आणि तुम्ही पडला असतात. माझ्यामुळे. या वयात."

"छे गं. पडतोय कसला."

"चौकात, गर्दीत!" ती जुन्या टायरवर बसली. पिस्टन तिच्या मांडीवर होता. "मी रविवारी उतरत नाही."

"का? दोन तासांत उभी करतो म्हटलं ना."

"इंजिनाचं नाही हो." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "शनिवारी दिवसभर मी हिच्यावर होते. मला ती ठीक वाटत होती. नुसती ठीक नाही, छान वाटत होती. आतून पिस्टन फाटायला आला होता आणि मला छान वाटत होतं! म्हणजे मला काही ऐकूच येत नाही ना. तुम्ही म्हणता, ऐक, ऐक, गाडी बोलते. मला वाटायचं मला येतं ऐकायला. ते आपलं माझं मीच ठरवलेलं. असा माणूस वीस जणांच्या घोळक्यात घुसणार आणि कुणाला तरी पाडणार. नको. लसी पोचवते तेवढं बास."

तिच्या बोलण्यात रडं नव्हतं. असतं तर त्याला सोपं गेलं असतं. ती हिशेब मांडावा तसं बोलत होती, आणि तो हिशेब सगळा त्याने पुरवलेल्या आकड्यांवर होता. तो भराभर विचार करायला लागला. असं सगळ्यांचं होतं म्हणावं. थंडीत पकडलेलं इंजिन मलासुद्धा आधी कळत नाही म्हणावं. लिबार्दोने मागच्या खेपेला बोअर घट्ट केलं होतं म्हणावं. लिबार्दोचं नाव सुचल्यावर तो स्वतःवरच दचकला. एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला लिबार्दो. आणि यातल्या कशाने तिचा कान तिला परत मिळणार नव्हता. ती गाडी शनिवारी छान होती. सोमवारीही छान होती, गुळाच्या वासातून गेली तेव्हा, संत्र्यांच्या बागेपाशी, पाचव्या गियरात. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक आता आपल्याला काही कळत नाही असं म्हणत होती. एप्रनच्या खिशात त्याची बोटं चिंधीला लागली. मान्य करायला एवढं काय आहे, असं त्याने किती जणांना म्हटलं असेल! काय आहे ते त्याला आता कळत होतं. त्याने चिंधी खिशातून ओढून काढली.

"तो ठेव," तो म्हणाला. "तो तुझा नाही. हा बघ."

युरानीने चिंधी उलगडली. आधी तिला काही कळलं नाही. मग ती उठून खिडकीशी गेली. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, अंगठ्याने ओरखडे चाचपले. पाठमोरी उभी होती ती, आणि आर्सेसियो स्टुलावर बसून वाट बघत होता. इथे बसून वाट बघायला किती वाईट वाटतं हे त्याला माहीत नव्हतं.

"पेट्रोलच्या बाजूने," ती सावकाश म्हणाली. "कोरडा. मूठ बंद होती. बराच वेळ." मग वळली. "चौकापर्यंत एवढा उतारच नाही, मिस्त्री."

"नाही."

"कुठे गेला होतात?"

"नदीवर."

"कुठल्या नदीवर?"

"काउका."

"ब्रेक बघायला?"

"ब्रेक चांगले आहेत," आर्सेसियो म्हणाला.

ती भडकली. मनापासून भडकली, हातातला पिस्टन टेबलावर आपटला तशी पान्ह्यांची रांग कोलमडली. "मी इथे बसून स्वतःला शिव्या घालतेय! शर्यत सोडायला निघाले होते मी! आणि हा म्हातारा चोर डब्यातून पिस्टन शोधून ठेवतो, मी वाचावा म्हणून! गाडी मारलीत त्याचं काही नाही हो. गाड्या मरतात. पण मला माझ्याबद्दल खोटं वाचायला लावलंत?"

"हो," तो म्हणाला. "मला लाज वाटली. इंजिन मारलं याची नाही. इतका खूश होतो ना मी, त्याची. या वयात, कामाच्या वेळी, दुसऱ्याच्या गाडीवर. ते कुणाला कळू नये असं वाटलं."

युरानी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. एप्रन, चष्मा, मांडीवर गोळा केलेली चिंधी. तिच्या ओठांची कड हलली, ती तिने दाबली, पुन्हा हलली.

"इतके खूश?"

"इतका," तो म्हणाला. आणि मग त्याला थांबवेना. चौकातली फट, मोठं हेल्मेट, गूळ, बापाची जीप, सगळं तो भडाभडा सांगत सुटला, हातवारे करत, वळणं हवेत काढून दाखवत. "आणि गाडी, पोरी! काय चालत होती! पाचव्यात टाकली, एक खरखर नाही, एक अडखळ नाही. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या ऐकतोय, अशी ऐकली नाही. शनिवारी तुला छान वाटली ना? छानच होती. थंडीत दामटलीस ते चूक केलंस, ते परत करू नकोस, पण तिने ते मनावर घेतलं नव्हतं. तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. नदीच्या वरच्या शेवटच्या उतारापर्यंत ती तशीच होती. माझ्या शपथेवर सांगतो, मी होतो तिच्यावर."

ती खिडकीतल्या धुक्याकडे बघत उभी राहिली, ओठ जरासे हलत होते, जणू शनिवारचा सगळा रस्ता ती परत एकदा ऐकून बघत होती.

"म्हणजे मला ऐकू येतं," ती म्हणाली.

"तुला येतं. त्या दिवशी मला आलं नाही."

तिने जाकीट काढून खुंटीला टांगलं आणि बाह्या वर सारल्या. नवा पिस्टन खोक्यातून काढला, रिंगा एकेक करून चढवल्या, माथ्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला आहे ना ते दोनदा पाहिलं. आर्सेसियो उठायला लागला, तशी ती म्हणाली, "बसा तुम्ही. रविवारी माझ्या हाताचं इंजिन पळणार." तो बसला. तिने मान न वळवता मागे हात केला, आणि त्याने त्या हातात तेलाची कुपी दिली.